ठकूच्या डोहाला विचारायची रीत

या, या. दमानं उतरा, खडक गुळगुळीत हाय. पडलात तर लागंल, भिजायचा मातर धोका न्हाई. ह्यो समोर दिसतोय त्योच ठकूचा डोह. हसताय व्हय? हसा, समदीच हसत्यात. वर फळीवर 'डोह' लिवलंय म्हनत्यात. मला काय वाचता येत न्हाई, पर त्या रंगाऱ्याला मी म्हनलं व्हतं, "बाबा, डोह लिवतोयस तर म्होरं 'व्हता' बी लिव." त्यानं काय ऐकलं न्हाई.

खाली बगा. चार पुरुस खोल. तळाला गाळाच्या भेगा, आन भेगंत बाभळी उगावल्यात. उगवतीच्या अंगाला खडकाची कड फुटलीया आन तितनं एक चर निगालाय, दिसला? त्यो पाट. पान्यासाठी काडलेला. आता त्यात शेरडं सावलीला बसत्यात. ह्यो पाट कसा पडला, आन दर आकितीला, म्हंजी तुमच्या अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरातला बाप्या ह्या कोरड्या डोहात उभा ऱ्हाऊन मोठ्यांदा काय इचारतो, त्येच सांगतो. आमी गावचं न्हावी. न्हाव्याची जीभ वस्तऱ्यापरीस धारंची. वस्तऱ्याला निदान मूठ तरी असती.

लई मागं, म्हनं, ही हिवरी नदी बारा म्हैनं व्हायची. डोंगरातलं पानी डोहात साठायचं, आन उन्हाळाभर ह्या कडंवरनं करंगळीएवढी धार खाली जायची. त्या करंगळीवर खालची तीन गावं पानी प्यायची. उन्हाळ्यात समदं मासं हितंच गोळा व्हायचं. जुनी मान्सं सांगायची, नदी म्हंजी बाईमानूस, आन डोह म्हंजी तिचं पोट. पोटाला हात लावायचा तर इचारून लावायचा. आन इचारायचं कुनाला? तर ज्याचं पोट त्या पान्यावर, त्याला. म्हंजी भोयाच्या घराला. ते मासं धरायचं, पुराच्या दिसांत भोपळ्याच्या सांगडीवर बशिवून मान्सं पलीकडं न्यायचं. मग पाटील का असंना, भोयाच्या घरानं 'हो' म्हनल्याबिगर डोहाला टिकाव लावायचा न्हाई. आन भोयांनी कवा 'हो' म्हनलंच नव्हतं.

त्या घरात तवा एकच मोठं मानूस उरलेलं. ठकू. नवरा म्हादू पुरात सांगडीसंगट गेला, पदरात चार वर्सांची लेक, जनी. नाव ठकू, आन ठकली बी तीच. ह्यो इनोद माझा न्हाई, नशिबाचा हाय.

खालच्या गावात सटवा म्हनून एक भोयी व्हता, बिनलग्नाचा. बाजाराच्या दिशी यायचा आन ठकूला जाळं सांधाया लागायचा. दोघं दोन टोकाला बसायची, मधी अख्खं जाळं. बोलनं असं काय न्हाईच. पर गावाला दिसत व्हतं. इधवा बाईचं दुसरं लगीन भोयांत चालायचं. त्याला बी पाटच म्हनत्यात की आपल्यात. त्याला पाटलाचा होकार लागायचा. सटवा कवा पाटलाच्या दारात जातोय, ह्याची ठकू वाट बगत व्हती. आन ती वाट बगतीया, ही गोष्ट गावात एकाच भाद्दराच्या ध्यानात आलेली. आमचा खापरपंजा, गेनू.

गेनू म्हंजी चेष्टेचं आगर. एका नवरदेवाची त्यानं एकाच अंगाची मिशी काडली, आन म्हनं, "दुसऱ्या अंगाची अक्षता पडल्यावर काडतो, तवर पळून जाऊ नगंस." लोक हसायचं, आन लोक हसलं की त्याला चेव चडायचा. आमच्या घरात ही खोड अजून हाय. कुनाकडनं आली ते कळलं आसंल.

त्या साली चैतातच पाटलाचा पानमळा करपाया लागला. गेनू दाडी करत व्हता, तवा पाटील म्हनाला, "गेन्या, जा आन ठकूला इचार. डोहाच्या कडंला मनगटाएवढा पाट काडायचा म्हनतोय. नीट इचार. तुझी गंमत नगं."

"छ्या, जी! गंमत कसली त्यात," गेनू म्हनाला.

आकितीचा दिस व्हता. ठकू हितंच, ह्या खडकावर जाळं घिऊन बसलेली.

"वैनी, पाटलाचा सांगावा हाय," गेनू म्हनाला.

"माझ्याकडं? काय म्हनं?"

हितं त्यानं 'पान्याचा' येवढा एक सबूद म्हनायचा व्हता. पर त्यानं बगितलं, ठकूचं ध्यान खालच्या गावाच्या वाटंकडं. त्याच्या जिभंला खाज सुटली.

"पाटाचं म्हनत्यात. तुमी हो म्हना, म्हंजी लागू कामाला."

ठकूचा हात जाळ्यात तसाच ऱ्हायला. तिनं तोंड फिरिवलं.

"कवा म्हनत्यात?"

"तुमी म्हनाल तवा. उद्याबी!"

"जनीला आदी भावाकडं धाडाया पायजे," ती सवताशीच म्हनाली. मग हळूच म्हनाली, "थोरल्या मान्सांची मर्जी आसंल, तर हो."

गेनू वाटभर हसत गेला. त्याच्या डोक्यात काय वाईट नव्हतं, असं आमच्या घरात सांगत्यात. सांजच्याला जाऊ, म्हनू "वैनी, लग्नाचा न्हवं, पान्याचा," ती पायतान फेकून हानंल, 'न्हाई' म्हनंल, आन ती 'न्हाई' पाटलाला जाऊन सांगू. पर पाटील येशीतच उभा. "काय म्हनाली?" गेनूच्या तोंडात हसू मावंना. "हो म्हनाली, जी!" पाटलाला येवढा हरिक झाला, की त्यानं सवताच्या डोक्यावरचं पागोटं काडून गेनूच्या डोक्यावर ठेवलं. तितंच घोड्यानं पेंड खाल्ली. पाटलाचं पागोटं डोक्यावर, आन 'म्या चेष्टा केली' म्हनायचं कुन्या तोंडानं? उद्या सांगू म्हनाला. उद्याचं परवा झालं.

आन ठकू? पाट ठरलेल्या बाईचं तोंड दिसाउजेडी कुनी बगू नये, अशी त्या वक्ताची रीत. न्यायला मानूस येईस्तवर तिनं दार लावून घरात बसायचं. ठकूनं लेकीला भावाच्या गावी धाडलं, कासारनीकडनं गपचीप हिरव्या बांगड्या भरल्या, आन बसली. तीन दिस बसली. पहारींचा आवाज तिला आयकू यायचा. तिला वाटलं, कुनाच्या तरी हिरीचं काम चाललंय.

काम चाललं व्हतं ते तिच्याच डोहाचं. काडायचा व्हता मनगटाएवढा पाट, पर खडक पोटातनं फुटका निगाला. तिसऱ्या दिशी आख्खी कड ढासाळली आन एका दुपारात डोह रिकामा झाला. पानमळ्यात गळ्याएवढं पानी शिरलं. जी पानं पान्याबिगर करपत व्हती ती पान्यानं कुजून गेली. पाटलाच्या हाती एक विड्याचं पान लागलं न्हाई.

चवथ्या दिशी ठकूच्या दारावर थाप पडली. बाहीर सटवाचा आवाज. तिनं पदर तोंडावर वढला आन दार उघाडलं. तिला वाटलं, न्यायला आलाय.

"ठकू, आगं काय करून बसलीस? डोह दिलास? खाली घागर बुडंना झालीया!"

ती तशीच पळत आली, हिरव्या बांगड्यांनिशी. समदं गाव कडंवर उभं. तळाला मासं तडफडत व्हतं, हाताएवढं, मांडीएवढं. येवढं मासं तिनं जलमात एका जागी बगितलं नव्हतं.

"तूच हो म्हनालीस न्हवं?" पाटलानं इचारलं.

ठकूनं आदी सवताच्या हाताकडं बगितलं. मग गेनूकडं, त्याच्या डोक्यावरच्या पागोट्याकडं. तिला समदं उमागलं. एका सबदात ती सांगू शकत व्हती. पर सांगनार कसं? गावाम्होरं, सटवाम्होरं म्हनायचं, की मला वाटलं माझ्या लग्नाचं इचारलंया? कुनी इचारलंच नव्हतं. सटवानं बी न्हाई. तिनं बांगड्यांवर पदर घेतला आन म्हनाली, "व्हय. मीच म्हनले."

आन गेनू गप. जलमात पैल्यांदा गप बसला, आन नेमका नगं तवा.

सटवा माघारी गेला. परत तो हितं कवा दिसला न्हाई. खालच्या गावच्या बाया रिकाम्या घागरी घिऊन येऊन ठकूच्या दारात बोटं मोडायच्या, "पोट इकनारी" म्हनायच्या. ती सकाळी टोपली घ्यायची, चिकन माती आनायची, फुटक्या कडंला थापायची. दिसाला वीस-वीस टोपल्या. वैशाख सरला, जेठ आला. गेनू बी टोपली घिऊन जायचा. ती त्याची माती वेगळी काडून टाकायची. "तुझी माती टिकायची न्हाई," म्हनायची. तिचं येवढंच बोलनं त्याला.

मग डोंगरातनं लोंढा आला. मातीची कड एका दमात गेली. ठकू कडंवरच व्हती, असं सांगत्यात. कुनी म्हनतं व्हावून गेली. कुनी म्हनतं, न्हाई, आदल्या दिशीच सटवा येऊन तिला घिऊन गेला. मला दुसरंच खरं वाटावं असं लई वाटतं. पर आमच्या घरानं पैलंच सांगायचं, अशी शिस्त हाय.

त्या दिशी गेनू ह्या खडकावर चडला. डोईचं पागोटं काडलं आन समद्या गावाला खरं सांगितलं. पान्याचा पाट, लग्नाचा पाट, समदं. कुनीतरी फिसकन हसलं. मग समदीच हसाया लागली. "गेन्या, काय जुळिवतोस रं! बाई गेली, आतातरी आवर की जीभ!" म्हनं, पाटील सुद्दा हसला. गेनू रडाया लागला तर लोक आनखीच हसली. रडायची नक्कल त्याची लई झकास व्हती ना.

तवा त्यानं शपत घेतली. दर आकितीला डोहात उभं ऱ्हायाचं आन त्योच सांगावा नीट सबदांत इचारायचा. भोयाच्या घरानं 'न्हाई' म्हनायचं. त्या 'न्हाई'नंतरच आमच्या घरातल्या बाप्यानं त्या दिशी पान्याचा घोट घ्यायचा. जनीला मामानं वाढिवली, घरजावई बगून लगीन लावलं आन परत हितंच आनली. त्याम्होरं सात वर्सं गेनू इचारत ऱ्हायला, ती कडंवर उभी ऱ्हायची पर बोलायची न्हाई. तो दिस बुडंस्तवर उभा. आठव्या साली म्हनाली. येकच सबूद. तवापासनं त्या घरच्या लेकीसुना म्हनत आल्या.

माझ्या वक्ताला हौसाबाई भोयीन व्हती. मी डोहात उभा ऱ्हाऊन इचारायचो, "ठकूबाई, पाट काडायचा म्हनत्यात. पान्याचा. लग्नाचा न्हाई. काडू का?" आन ती वरनं वरडायची, "न्हाई रं, मुडद्या! तुला बी न्हाई, तुझ्या खापरपंज्याला बी न्हाई!" वर एक गाळाचा गोळा नेमका टकुऱ्यावर. तवा तळाला गुडघाभर तरी पानी असायचं. माझी बायकू घरी डोकं धुताना हसून लोळायची. ती देवाघरी गेली. मग डोंगराला बोरच्या हिरी पडल्या, शे-दीडशे. आदी चुकीचं का हुईना, इचारायचं तरी. बोरवाल्या गाडीनं कुनाला इचारलं? नदी खालनं खालनं रिकामी झाली. ह्या फुटक्या कडंला सरकारनं शिमिटाचा बंधारा बी घातलाय. बंधारा ब्येस हाय. अडवाया पानी तेवढं आलं न्हाई. मासं न्हाईत म्हनून हौसाबाईची पोरं शेरात गेली, मागनं ती गेली, आन तितंच वारली.

आजबी आकितीला मी खाली उतरतो आन इचारतो. कडंवर कुनी नसतं. काय म्हनालात, ताई? तुमी म्हनता 'न्हाई'? मनानं चांगल्या हायसा, पर तुमचं चालायचं न्हाई. ज्याचं पोट ह्या पान्यावर, त्याचंच चालतं.

गेल्या साली दिस बुडंस्तवर थांबलो आन घोट न घेता वर आलो. चार दिसांनी वरच्या झऱ्यावर, जितनं ही नदी निगती तितं, बोरीची गाडी लागली. सरपंचाला गाठला. म्हनलं, हे कुनाला इचारून?

तो म्हनाला, "नाना, सभा घेतली, मोठ्यांदा इचारलं. तुमी म्होरंच बसला व्हता की. कुनी न्हाई म्हनलं न्हाई."

खरं हाय त्याचं. व्हतो मी म्होरं. तोंड उघाडलं बी व्हतं. पर आमच्या घराला इचारायचंच ठावं. न्हाई म्हनायची रीत आमच्यात न्हाई.