विझवलेला घरतारा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. ऐकणाऱ्यांत जे लहान असतील त्यांनी जवळ सरकून बसावं, आणि मोठे असतील त्यांनीही कान द्यावा. कारण गोष्ट खेळाची असली, तरी पोरखेळाची नाही.

त्या राज्यातल्या लोकांना आकाशाचं भारी वेड. मुलींची नावं ते नक्षत्रांवरून ठेवत. राजवाड्यात त्यांनी एक दालन बांधलं होतं, त्याला एकही खिडकी नव्हती. त्याचं नाव नभशाळा. आत काळ्या दगडाची विस्तीर्ण फरशी, आणि फरशीवर जागोजागी काचेच्या हंड्यांत तेवणारे दिवे. बाहेर लख्ख ऊन असलं, तरी आत पाऊल टाकलं की आपण आभाळात उभे आहोत असं वाटे.

या नभशाळेत नभपट खेळत. दोन खेळाडू समोरासमोर बसत. दोघांचा एकेक घरतारा असे. लाकडाची छोटी तारवं लांब काठीनं सरकवत ताऱ्याताऱ्यापर्यंत न्यायची आणि तिथे आपलं निशाण ठेवायचं, की तो तारा आपला. समोरच्याच्या ताऱ्याला तारवांचा वेढा घातला, की त्याचा दिवा फुंकून टाकायचा. खेळ पुढे जाई तसतसं ते आभाळ काळं होत जाई. एकाचा घरतारा विझला, की डाव संपला.

आणखी एक चाल होती. आपल्या घरताऱ्यापासून समोरच्याच्या घरताऱ्यापर्यंत रेशमी धागा टाकायचा. त्याला सेतू म्हणत. समोरच्यानं तो बांधून घेतला, तर डाव तिथेच थांबे. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. पण न बांधता त्यानं धाग्यावरून आपली तारवं पाठवली, तर एका चालीत तो तुमच्या दारात. म्हणून मोठी माणसं सेतूच्या वाटेला जात नसत. ती चाल लहान मुलांची, असं सगळे म्हणत.

राजाला दोन मुली होत्या. थोरली मघा, धाकटी कृत्तिका. दोघी नभशाळेतच वाढल्या म्हणा ना. मघाला खेळण्यापेक्षा बोलण्यात गोडी. ती प्रत्येक ताऱ्यावर माणसं वसवायची.

"कृतू, हा तारा नको गं विझवू. इथली म्हातारी आत्ताच भाकरी थापायला बसलीय."

"मग तो पलीकडचा?"

"तिथे तर लग्न आहे!"

कृत्तिका खुदुखुदु हसायची. मघाच्या घरताऱ्यावर कोण राहतं हे तिला तोंडपाठ होतं: भिकोबा सुतार, त्याची बायको सगुणा, आणि त्यांच्या दारातला आंधळा कुत्रा. मग दिवा विझवणार कोण? शेवटी कुणीतरी धागा टाकायचं, दुसरी तो बांधायची, आणि सगळं आभाळ तसंच उजळलेलं ठेवून दोघी जेवायला पळायच्या.

पण राजाच्या घरी खेळ नुसता खेळ राहत नाही. त्या घराण्यात पूर्वी गादीसाठी भाऊ भावाच्या जिवावर उठत. ते थांबावं म्हणून एका जुन्या राजानं कायदा केला होता: गादीसाठी तलवार उपसायची नाही, नभपट मांडायचा. जो जिंकेल त्यानं राज्य करावं. जो हरेल त्यानं उत्तरेच्या खिंडीतून निघून जावं आणि पुन्हा येऊ नये. जिंकणाऱ्यानंही त्याचा माग काढू नये.

राजा गेला. सुतक फिटलं, आणि दोघी बहिणी पटाच्या दोन टोकांना बसल्या.

सगळा दरबार भिंतींना टेकून उभा होता. कृत्तिका आता पट्टीची खेळाडू झाली होती. सेनापतीनं तिला स्वतः शिकवलं होतं. मघाही काही कमी नव्हती. एकेक दिवा विझत गेला. फरशीचा निम्माअर्धा भाग काळोखात बुडाला, तेव्हा मघानं काठी खाली ठेवली. तिनं रेशमी धागा उचलला आणि कृत्तिकेच्या घरताऱ्यापर्यंत टाकला.

दरबारात कुणीतरी हसलं.

"कृतू," मघा म्हणाली, "बांध ना. दोघी मिळून राज्य करू. तसं कुणी केलं नाही आजवर, पण करू नये असंही कुणी सांगितलेलं नाही."

कृत्तिकेचा हात धाग्याकडे गेला. तेवढ्यात सेनापती तिच्या कानाशी वाकला. "राजकन्ये, आज सेतू बांधाल, उद्या त्याच सेतूवरून फौज येईल. थोरल्या आहेत त्या. गादी त्यांचीच, असं लोक म्हणतील. तुम्ही कायमच्या धाकट्या राहाल."

कृत्तिकेनं बहिणीकडे पाहिलं. मघा वाट बघत होती, लहानपणी बघायची तशीच. आणि त्या क्षणी कृत्तिकेला तिचं ते शांत बसणं डावपेचासारखं वाटलं. माणसाच्या मनात संशय शिरला, की त्याला ओळखीचा चेहराही परका दिसतो. तिनं धागा बांधला नाही. धाग्यावरून आपली सगळी तारवं पलीकडे ढकलली आणि मघाचा घरतारा फुंकून टाकला.

टाळ्या झाल्या. नगारे वाजले. मघा उठली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याचंच कृत्तिकेला भय वाटलं.

"तुला तिथल्या माणसांची नावं ठाऊक होती, कृतू," एवढंच ती म्हणाली. मग अंगावरच्या वस्त्रानिशी उत्तरेच्या खिंडीकडे चालू लागली.

कृत्तिका राणी झाली. राज्य तिनं चांगलं केलं. चोऱ्या थांबल्या, रस्ते झाले, कुणी उपाशी निजेनासं झालं. नभपटात तर तिला तोड राहिली नाही. पण तिच्यासमोर बसणारे लोक मुकाट्यानं हरत, मुजरा करत आणि निघून जात. खेळता खेळता कुणी बोलत नसे. डाव संपला, की त्या काळ्या फरशीवर राणीचा एकच दिवा उरे, आणि त्याच्या उजेडात तिला दिसावं असं काहीच नसे.

जेवताना कुणी एखादी गंमत सांगितली, तर ती हसून शेजारी वळे. शेजारी कुणी नसे. केस विंचरताना दासीचा हात जड पडला, की तिला मघाची हलकी बोटं आठवत. आपण आजारी आहोत का, असं तिनं राजवैद्यालाही विचारलं. त्यानं नाडी पाहिली आणि म्हणाला, "राणीसाहेब, शरीर ठणठणीत आहे." 

मिठाचे व्यापारी खिंडीतून येत. माग काढायचा नाही हा कायदा, म्हणून राणी त्यांना आडून आडून विचारी. "तुमच्याकडे समुद्र कसा असतो? किनाऱ्यावर कोण लोक राहतात?" एकदा एक व्यापारी सहज बोलून गेला, "आमच्या कोळीवाड्यात एक बाई आहे. खिंडीच्या अलीकडची असावी, बोलण्यावरून वाटतं. पोरांना गोष्टी फार छान सांगते." राणीनं त्याचं सगळं मीठ विकत घेतलं. कोठारात जागा नव्हती, तरी घेतलं. मग ती गच्चीवर गेली आणि ऊन उतरेपर्यंत उत्तरेकडे पाहत बसली.

अशी वर्षं गेली. राणीच्या केसांत रुपेरी तारा दिसू लागल्या.

मग एका उन्हाळ्यात पाणी आटलं. पूर्वेच्या राज्याच्या सीमेवर एक मोठं तळं होतं. दोन्हीकडची गावं त्यावर जगत. पाणी थोडं आणि घागरी फार, म्हणून भांडणं झाली, डोकी फुटली. शेवटी पूर्वेच्या राजानं निरोप धाडला: "रक्त सांडण्यापेक्षा नभपट मांडू. जिंकेल त्याचं तळं. हरेल त्यानं आपली काठावरची गावं उठवावीत."

पूर्वेचा राजा वृद्ध होता. काठी टेकत नभशाळेत आला, घोटभर पाणी प्याला आणि पटाशी बसला. खेळायचा नेटानं, पण राणीपुढे त्याचं काही चालेना. दुपार कलेपर्यंत त्याचे बहुतेक तारे विझले. त्याच्या घरताऱ्याभोवती राणीच्या तारवांचा वेढा पडला. आता एक फुंकर, आणि तळं राणीचं.

राणी वाकली. वृद्ध राजा त्या दिव्याकडे टक लावून पाहत होता. ती थांबली.

"महाराज," तिनं विचारलं, "या ताऱ्यावर कोण राहतं?"

राजा गोंधळला. "कोण राहणार? दगडावर दिवा आहे नुसता."

"राहत असतं, तर कोण राहिलं असतं?"

राजानं काठी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "माझी मामी. त्या तळ्याकाठी माझं आजोळ आहे. तिनं मला पोहायला शिकवलं तिथे. आता फार थकलीय, पण रोज काठावर येऊन बसते. तिला तिथून उठवायचं म्हणजे..." त्यानं मान हलवली. "नाही उठणार ती. उठवली तर जगणार नाही. पण ठरलंय ते ठरलंय, राणीसाहेब. फुंका."

 राणीनं तारवं मागे घेतली. एकेक करून, सगळी. आणि रेशमी धागा उचलून त्याच्या घरताऱ्यापर्यंत टाकला.

सेनापती आता म्हातारा झाला होता, पण आवाज तोच होता. "राणीसाहेब! हाता-तोंडाशी आलेला डाव! उद्या या सेतूवरून..."

"माहीत आहे," राणी म्हणाली. "तुम्ही मला हे पूर्वीही सांगितलं होतं, आणि मी ऐकलं होतं. आज तारवं आली, तर येऊ देत. आपली गावं उठली, तर पहिलं घर मी माझ्या राजवाड्यात देईन. पण तो दिवा मी विझवणार नाही."

आता चाल वृद्ध राजाची. राणीचा घरतारा उघडा पडला होता. त्यानं काठी उचलली. एक तारू धाग्यावर ठेवलं, अर्ध्यापर्यंत आणलं आणि थांबला.  राणीनं डोळे मिटले नाहीत.

"मी लहानपणापासून हा खेळ खेळतो," राजा म्हणाला.  "मला कुणी कधी सेतू दिला नाही हो. पुढे काय करायचं असतं, मला ठाऊकच नाही."

"काही करायचं नसतं, महाराज," राणी म्हणाली. "गाठ मारायची आणि जेवायला उठायचं."

वृद्ध राजानं तारू बाजूला ठेवलं. म्हाताऱ्या बोटांना गाठ जमेना, तेव्हा राणी पट ओलांडून गेली आणि दोघांनी मिळून ती मारली.

तळ्याचं पाणी वाटून घ्यायचं ठरलं. सकाळी यांनी भरायचं, संध्याकाळी त्यांनी. त्या वर्षी कुणाचंच पुरतं भागलं नाही, पण कुणी तहानेनं मेलंही नाही. पुढच्या वर्षी दोन्हीकडच्या लोकांनी मिळून तळ्यातला गाळ उपसला.

आणि राणीनं तो जुना कायदा मोडला. त्याच आठवड्यात ती उत्तरेच्या खिंडीतून निघाली.

कोळीवाड्यात एक बाई दारात बसून जाळं विणत होती. केस पांढरे, हात उन्हानं रापलेले. राणी तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

बाईनं वर पाहिलं. "कृतू," ती म्हणाली, "किती वाळलीस गं. बस. पेज घेतेस?"

राणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मघानं तिला रडू दिलं. मग पेज वाढली, सुकटीची चटणी वाढली, आणि दोघी जेवल्या.

"ताई, घरी चल," राणी म्हणाली. "कायदा मोडलाय मी. अर्धं राज्य तुझं. सगळं घे हवं तर."

"घरीच आहे मी."

"अजून रागावली आहेस माझ्यावर."

"होते," मघा म्हणाली. "बरीच वर्षं होते. राग होता तोवर राजवाडा रोज आठवायचा. मग राग गेला, आणि त्याच्याबरोबर तेही सगळं पुसट होत गेलं. आता मला तिथला जिनासुद्धा नीट आठवत नाही, कृतू. इथे माझा नवरा आहे, लेकी आहेत, नातवंडं आहेत. तुला मी टाकून देत नाहीये. पण परत यायला आता मी तिथली उरले नाही."

"मग मी काय करू?"

"राहा चार दिवस. मग जा. आणि पुन्हा ये."

राणी चार दिवस राहिली. भाच्यांची, त्यांच्या पोरांची नावं तिनं पाठ केली, पण ती सगळी तिच्याशी पाहुण्याशी बोलावं तसंच बोलत. निघताना मघा वेशीपर्यंत आली, आणि राणी खिंड चढून जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.

त्यानंतर दर वर्षी पेरण्या आटोपल्या, की राणी समुद्राकडे जाई. पोचली की दोघी खूप बोलत, पण मधल्या इतक्या वर्षांचं काय बोलावं हे कुणालाच सुचत नसे. परतताना खिंडीच्या माथ्यावर ती घोडा थांबवी आणि निळी रेघ दिसेनाशी होईपर्यंत मागे वळून पाहत राही. राणीला बहीण मिळाली. पण बहिणीच्या सोबतीनं म्हातारं होणं तिला मिळालं नाही.

म्हणून मंडळी, समोरच्याला संपवून मिळवलेला विजय शेवटी आपल्यालाच एकटं करतो; सलोख्याचा हात पुढे आला, की तो त्याच वेळी धरावा.