चावल्याची खूण

फार जुनी गोष्ट. एका राईचा नियम होता, जिवाच्या भीतीने आलेल्याला परत धाडायचं नाही. एके दिवशी ओढा ओलांडून एक हरिणी धापा टाकत आली. "पलीकडे रानकुत्र्यांच्या टोळीचं राज्य आहे. मला इथं राहू द्या."

"असं सगळेच सांगतात," पंचांतला वानर म्हणाला. "चावल्याची खूण दाखव, नाहीतर आल्या वाटेनं परत जा."

"खूण माझ्या बहिणीच्या गळ्यावर होती," हरिणी म्हणाली. "ती दाखवायला येऊ शकली नाही."

"तरी पुरावा हवाच," वानर पुटपुटला.

इतका वेळ गुपचूप रवंथ करणारा म्हातारा गवा उठला आणि ओढ्याच्या वाटेवर जाऊन आडवा बसला.

"हिला परत धाडायचंय?" तो म्हणाला. "मग आधी मला हलवा."