धामणीचा दांडा आणि राजाच्या मिशा

एका राज्यात काय घडलं, ते माझ्याइतकं खरं सांगणारा त्रिभुवनात कोणी नाही. म्हणजे होता एक. पण तो मध्येच चुका काढायचा, म्हणून त्याला मी हल्ली बसायलाच बोलवत नाही. तुम्ही बसा. तुमच्या चेहऱ्यावरून तुम्ही चुका काढाल असं वाटत नाही.

तर त्या राज्याचा राजा वज्रकेतू. मिशा एवढ्या, की दरबारात आधी मिशा यायच्या, मग राजा. त्याची कन्या कांचनरेखा विकटजट नावाच्या जादूगाराला हसली. मंत्र म्हणता म्हणता तो शिंकला, एवढंच. जादूगार कडाडला, "बसल्या जागी दगड होशील!"

आणि ती होऊ लागली. आधी पावलं, मग पोटऱ्या, मग गुडघे. रोज चार बोटं दगड वर चढे. पुनवेला तो काळजाला पोचणार होता. उःशाप एकच: तिला पालखीतून डोंगरमाथ्यावर न्यायचं आणि तिथल्या तळ्याचं पाणी शिंपडायचं. पालखीचा दांडा मात्र सलग एका लाकडाचा हवा. सांधा असला की शापाने निखळायचा. त्यात राजकन्या बसलेली, डोकं आडवं येणार. म्हणून दांडा मधोमध कमानीसारखा वाकलेला पाहिजे.

राजाने अकरा दरबारी सुतार बोलावले. त्यांनी रुंद फळी आणली, कमान आखली आणि करवतीने कापून काढली. दांडा इतका देखणा, की राजाने जागच्या जागी सोन्याची कडी दिली. भोयांनी पालखी उचलली आणि दांडा कमानीतच मोडला. राजाने कडी परत घेतली.

गावाबाहेर गाड्यांची चाकं दुरुस्त करणारी येसू सुतारीण तो तुकडा उलटसुलट बघत म्हणाली, "लाकडाचे तंतू सरळ धावतात. तुम्ही कमान कापलीत, तिथे ते तुटले. तुटके तंतू भार कसा पेलणार?"

थोरला सुतार म्हणाला, "मग काय बाई, लाकडाला वाक म्हणून सांगायचं?"

"सांगून बघते."

येसू रानात गेली. त्या रानात पक्षी बोलत. बहुतेक एकमेकांबद्दलच बोलत. तिने सुतारपक्ष्याला हात जोडले. "दादा, कोणतं झाड घेऊ?"

"जन्मभर खोडं टोचतोय, पण विचारणारी तूच पहिली. ही समोरची धामण घे. पहिलं काम, तिला करवत लावू नकोस. पाचरी ठोकून फाड, म्हणजे ती आपल्या तंतूंच्या वाटेने फाटेल. दुसरं, वाळवू नकोस. ओलीच वाफव."

हे येसूने गावात सांगितलं, तेव्हा दरबारी सुतार हसले, ते पागोटी पडेपर्यंत. बारा वर्षं वाळल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही, हा त्यांचा बाणा. "ओलं लाकूड? हिच्या सासूने हिला चूल तरी पेटवायला शिकवली का?"

येसूने पोकळ खोडात दांडा घातला, तोंडं चिखलाने लिंपली आणि हंड्याची वाफ आत सोडली. एक प्रहर दांडा मोदकासारखा उकडला. मग जमिनीत रोवलेल्या खुंट्यांभोवती तिने तो वाकवला. वाकला हो! वाकला आणि पाठीवर चर्रकन फाटला.

दगड बरगड्यांपर्यंत आला होता. पुनवेला दोन दिवस उरले होते.

पक्षी म्हणाला, "आतली बाजू दबते, ते तिला सोसतं. बाहेरची ताणली जाते, ते सोसत नाही. तिसरं काम तुझं तू शोध."

येसू तडक दरबारात गेली. "महाराज, खजिन्यातला सात हाती दांडपट्टा द्या. लवचिक पोलाद आहे ते. दांड्याच्या पाठीला बांधते, दोन्ही टोकांना ठोकळे लावते. मग लाकडाला ताणलं जायला जागाच उरणार नाही."

"तो शापित आहे. रक्त न सांडता वापरला तर धन्याच्या मिशा झडतात."

"लेक की मिशा, तेवढं बोला."

राजा गप्प बसला. फार वेळ नाही. पण बसला, हे राणीने लक्षात ठेवलं. मग त्याने स्वतः पट्टा काढून दिला.

येसूने दुसरा दांडा फाडला, उकडला, पाठीला पट्टा कसला आणि निवायच्या आत वाकवला. तंतू न् तंतू कमानीबरोबर वळला. तिकडे राजाच्या मिशा ताकाच्या वाटीत पडल्या. दोन दिवस दांडा खुंट्यांना बांधून ठेवला. सुकला तसा तो वाक धरून बसला.

पुनवेच्या सकाळी सोळा भोयांनी पालखी उचलली. दगड काळजाच्या अगदी खाली येऊन टेकला होता. दांडा पायरीपायरीला कुरकुरला, मोडला मात्र नाही. माथ्यावर पाणी शिंपडताच दगड वितळला. राजकन्या उठली, बापाकडे बघितलं आणि म्हणाली, "आबासाहेब, मिशा कुठे गेल्या?" आणि पोट धरून हसली. त्या हसण्यासरशी विकटजटाची सगळी विद्या उतरली, पट्ट्याचा शापही सुटला आणि राजाच्या ओठावर बोटभर मिशी उगवली.

तेवढ्यावरही ताव देत राजा येसूला म्हणाला, "आमचा तुझ्यावर पहिल्यापासून विश्वास होता."

"होय तर, महाराज! म्हणूनच काल शिपाई धाडून मलाच विचारलंत, माझ्या सुळाला कोणतं लाकूड बरं पडेल."