साठाव्या नावेतली रिकामी जागा

पूर्वी वेणुतट नावाच्या नदीकाठच्या नगरात राजा सुयाम राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव नंदिसेन. त्या नदीला वरचेवर पूर येई आणि खालची बेटे बुडत. म्हणून नगरातल्या व्यापाऱ्यांनी दान गोळा करून तारकसंघ उभारला होता. पुरातून माणसे काढायची आणि त्यांना अन्न पोचवायचे, हे त्याचे काम.

संघाचा प्रमुख वारला, तेव्हा व्यापाऱ्यांचा श्रेष्ठी पूर्णक नंदिसेनाकडे आला. त्याने दरमहा हजार नाणी आणि पालखी देऊ करून प्रमुखपद घ्यायची विनंती केली. नंदिसेन म्हणाला की आधी नावा पाहू.

घाटावर नुकत्याच रंगवलेल्या साठ नावा उभ्या होत्या. नावाडी मात्र बारा नावांपुरतेच होते. दीघ नावाच्या म्हाताऱ्या नावाड्याने कारण सांगितले. प्रमुखाचे वेतन दरवर्षी वाढले, नावाड्यांचे तेवढेच राहिले. म्हणून चांगले गडी लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे निघून गेले. "दात्यांना नावा दिसतात," दीघ शांतपणे म्हणाला, "म्हणून त्या रंगवतात."

नंदिसेनाने पूर्णकाला कळवले की नावाड्याच्या दुप्पट वेतन आपल्याला पुरेल. उरलेल्यातून माणसे परत आणावीत. पूर्णक दुखावला. तो वाईट माणूस नव्हता, संघाला सर्वांत जास्त दान त्याचेच होते. तो म्हणाला, "एवढ्या वेतनावर तुझ्यानंतर लायक माणूस कोण येईल?"

प्रश्न खरा होता. नंदिसेन म्हणाला, "त्याला मी नावाड्यांमधूनच तयार करीन."

मग काहीच घेऊ नकोस, नगर तुझे गुण गाईल, असे पूर्णकाने सुचवले. त्यावर नंदिसेन म्हणाला, "फुकट काम करणाऱ्याला जाब विचारायला लोक संकोचतात. मला जाब विचारणारे हवेत."

माणसे परत आली, पण वरच्या घाटाचे नावाडी खालच्या घाटाच्या नावाड्यांबरोबर एका नावेत बसेनात. नंदिसेनाने दोघांनाही आपल्याला वल्हवायला शिकवायला सांगितले. पहिल्याच दिवशी तो नदीत पडला. त्याला बाहेर ओढताना दोन्ही घाटांचे लोक पोट धरून हसले, आणि त्यानंतर ते एका नावेत बसू लागले.

भाद्रपदात एका सकाळी डोंगरातला बांध फुटला. बघता बघता पाणी घाटाच्या पायऱ्या गिळत वर चढले. खालच्या कुक्कुटबेटावरचे हजारभर लोक छपरांवर चढले होते. त्यांच्या हाका पाण्यावरून ऐकू येत होत्या. इतक्यात पूर्णकाचा सेवक धावत आला. श्रेष्ठींचे धान्यकोठार बुडते आहे, दहा नावा तिकडे पाठवा, असा निरोप होता. नंदिसेनाने सगळ्या नावा बेटाकडे सोडायला सांगितल्या.

पूर्णक स्वतः घाटावर पोचला तेव्हा एकोणसाठ नावा प्रवाहात होत्या. साठावी घाटालाच होती, कारण तिच्यातल्या एका नावाड्याचे मनगट मोडले होते. दहा नावा का पाठवल्या नाहीत, असे पूर्णकाने संतापून विचारले. नंदिसेन वाद घालत बसला नाही. त्याने वल्हे पुढे केले.

"श्रेष्ठी, एक जागा रिकामी आहे."

पूर्णकाने कोठाराकडे पाहिले. पाणी दाराला लागले होते. मग बेटाकडून एका बाईची हाक आली. त्याने धोतर खोचले आणि तो नावेत उतरला.

काय ती नदी आणि काय ते वल्हवणे! झाडे, छपरे, मेलेली गुरे अंगावर येत होती. दीघ सुकाणूवरून ताल देत होता आणि नगरातला सर्वांत श्रीमंत माणूस त्या तालावर वल्हे मारत होता. तीन खेपा झाल्या. दुपार कलण्याआधी बेटावरचा शेवटचा माणूस काठावर उतरला. कोठार वाहून गेले होते. पूर्णक मात्र आपल्या तळहातांवरचे फोड भेटेल त्याला दाखवत, हसत आणि रडत घाटावर फिरत होता. पुढच्या सभेत त्यानेच नियम मांडला की प्रमुखाचे वेतन नावाड्याच्या दुपटीवर कधीही जाऊ नये.

कितीतरी जन्मांनंतर, विहारात भांडार सांभाळणाऱ्या एका भिक्षूला इतरांपेक्षा जास्त चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, द्यावीत की नाही, असा वाद चालला होता, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पूर्णक म्हणजे हाच भांडारी. दीघ म्हणजे दारापाशी बसलेला वृद्ध भिक्षू. नावाडी तुम्ही सगळे होतात आणि नंदिसेन मी होतो." भांडारी उठला आणि आपल्यासाठी बाजूला ठेवलेली जास्तीची चीवरे त्याने स्वतःच वाटून टाकली.

या गुणाला अलोभ म्हणतात.