राखेनं घासलेल्या चाळण्या

“पण बाबा, माशी शिंकली कुठे, तेवढं सांगा.”

त्र्यंबकशास्त्र्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. सिद्धरामबाबा तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

झालं होतं असं. काल दुपारी पायथ्याच्या वस्तीतली एक बाई टेकडी चढून मठात आली. आठ दिवसांपूर्वी तिची लेक तापानं गेली होती. बाबा विहिरीवर होते, म्हणून शास्त्रीबुवांनीच तिला समोर बसवलं आणि बोलायला सुरुवात केली. देह काय, आत्मा काय, शोक कुणाचा करायचा... बारा वर्षं काशीत घोकलेलं सगळं त्यांनी तिच्यापुढे मांडलं. मध्ये दोनदा तिनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण श्लोक अर्ध्यावर आला होता, आणि श्लोक अर्ध्यात टाकणं काही शास्त्रीबुवांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

बाई हात जोडून उठली. सरळ स्वयंपाकघरात गेली, चुलीपाशी मठाचा स्वयंपाक करणाऱ्या द्वारकाक्काजवळ बसली आणि हंबरडा फोडून रडली. द्वारकाक्का, जिला सहीसुद्धा येत नाही, ती एक अक्षर बोलली नाही.

ते शास्त्रीबुवांना लागलं. फार लागलं.

“पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर ती तिथे रडली कशी? एका दुःखी बाईलाही जी विद्या उपयोगी पडत नाही, ती घेऊन मी करू काय? पोथ्या बांधतो आणि घरी जातो.”

“उद्या भंडारा आहे,” बाबा म्हणाले. “पीठ चाळायचंय. कोपऱ्यातल्या चाळण्या तेवढ्या स्वच्छ करून आण. मग जा.”

शास्त्रीबुवा चमकले. परीक्षा! गुरू अशीच परीक्षा घेतात, हे त्यांना पाठ होतं.

तीन चाळण्या होत्या. कडांना जुनं पीठ धरलेलं, पत्रा काळवंडलेला. शास्त्रीबुवांनी पंचा खोचला, चुलीतली बारीक राख घेतली, काथ्या घेतला आणि पाण्याच्या दगडी डोणीवर बसून त्या ओल्या करून घासल्या. बोटांची सालं निघाली तरी थांबले नाहीत. उन्हात वाळवून त्यांनी त्या बाबांपुढे मांडल्या. कडेत तोंड दिसत होतं.

बाबांनी द्वारकाक्काला हाक मारली.

तिनं एका चाळणीत ओंजळभर पीठ टाकलं आणि हलवली. पुन्हा हलवली. खाली परातीत चिमूटभर पडलं असेल नसेल.

“अवो शास्त्रीबुवा, पिठाची चाळण कुणी पाण्यात बुडवतं व्हय? उलटी करून आपटायची असती. आदीचं पीठ तरी बरं हुतं, आपटलं की सुटत हुतं.”

शास्त्रीबुवांचे कान तापले.

बाबांनी दुसरी चाळणी उचलून उन्हात धरली. तिची सावली शास्त्रीबुवांच्या पांढऱ्या उपरण्यावर पडली. काळी, गोल. आत उजेडाचे चारदोन ठिपके.

“कशानं घासलीस?”

“राखेनं, बाबा. राखेसारखं निर्मळ करणारं दुसरं काय आहे?”

“काही नाही.”

बाबांनी चाळणी त्यांच्या हातात दिली.

“मग भोकांत काय बसलंय?”

शास्त्रीबुवांनी नखानं टोकरून पाहिलं. नखावर करडं काहीतरी आलं.

“...राख.”

बाबा पुन्हा तांदूळ निवडू लागले.

शास्त्रीबुवांच्या ओठांवर एक वचन आलं होतं. प्रसंगाला अगदी चपखल. ते त्यांनी गिळलं. चाळणी मांडीवर पालथी घेतली आणि तळव्यानं हळूहळू थापटत राहिले. पंच्यावर राख पडत होती. बराच वेळ पडत होती. आपल्याला रडू येतंय हे त्यांना उशिरा कळलं.

तेवढ्यात फाटक वाजलं.

कालचीच बाई. आज ती आत आली नाही. पायरीवरच बसली, पदराचं टोक मुठीत धरून.

शास्त्रीबुवा उठले. दोन पावलं गेले आणि थबकले. काल एवढं बोलता आलं, आज पहिला शब्दही सुचेना. आणि पोथ्या बांधायच्या की नाहीत, ते या पायरीवरच ठरणार होतं, हे त्यांना कळत होतं. ते मागे आले.

“बाबा... आज तिला काय सांगू?”

बाबांनी तांदळातला एक खडा उचलला. बाजूला ठेवला.

“लेकीचं नाव काय होतं रे तिच्या?”