गोधडीवरचे पाते

विमानाच्या इंजिनात फिरणारी पाती जिथे घडतात, अशा एका कारखान्यात एक वृद्ध कारागीर होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. शाळा थोडीच झालेली. पण भट्टीच्या रंगावरून त्यांना धातूची प्रकृती कळे. वृषाली नावाची तरुण इंजिनिअर त्यांच्या हाताखाली काम शिकत होती.

तिथली पाती टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची असत. जुन्या धातूच्या पात्यांपेक्षा निम्म्या वजनाची. पाते हलके म्हणून इंजिन हलके, इंजिन हलके म्हणून इंधन कमी. आणि नुसते ॲल्युमिनियम वितळून जाईल अशा धगीत ती निश्चिंत फिरत.

अप्पांची एक सवय होती. तपासणीच्या लोखंडी टेबलावर ते आधी गोधडी अंथरत आणि मगच एकेक पाते तिच्यावर ठेवत.

"अप्पा, बाळंतिणीची खोली आहे का ही?" वृषाली हसायची. "आगीत राहणाऱ्याला अंथरूण कशाला?"

"असू दे गं," एवढेच अप्पा म्हणत.

एकदा पात्यांचा एक संच त्याच दिवशी रवाना व्हायचा होता. त्यासाठी चार दिवस वृषाली भट्टीपाशी उभी होती. साहेबांची बोलणीही तिने ऐकून घेतली. डोळ्यांत टिपूस आले नाही. शेवटच्या घाईत तिने गोधडी अंथरलीच नाही. एकतिसावे पाते हातातून निसटले आणि टेबलावर टणकन आपटले.

तिने उचलून पाहिले. ओरखडासुद्धा नव्हता. जवळ कोणी नव्हते. एक पाते बाद झाले की सगळा संच अडकणार, आणि तिची नोकरी तर अजून पक्की व्हायची होती. तिने ते पाते खोक्यात ठेवून दिले.

दुपारी अप्पा आले. घडी न मोडलेली गोधडी त्यांनी पाहिली. विचारले काहीच नाही. भंगारातली दोन पाती घेतली. एक भट्टीत नारिंगी होईपर्यंत तापवले आणि दाबयंत्राखाली धरले. ते सावकाश वाकले, तुटले नाही. दुसरे थंडच शिकंजात अडकवून लहान हातोडीने ठोकले. त्याचे दोन तुकडे झाले.

वृषालीने ते दोन तुकडे हातात घेतले.

"धगीत याला वाकता येतं, पोरी," अप्पा म्हणाले. "निवलं की येत नाही. आपण मात्र धरून चालतो, एवढी आग सोसणाऱ्याला टेबलाची काय भीती!"

तिने तुकडे खाली ठेवले आणि खोके पुढे ओढले. मग हळूच म्हणाली, "अप्पा, एकतीस नंबर काढा. माझ्या हातून पडलंय. सांगितलं नव्हतं मी."

पात्याला चिरेत मुरणारा तपासणीचा रंग लावून ते निळ्या दिव्याखाली धरले. मुळाशी केसाएवढी एक हिरवी रेघ चमकली. चीर होती.

अप्पांनी साहेबांना फोन लावला. "संच आठवडाभर थांबेल. एक पातं बाद झालंय. वृषालीच्या हातून पडलं, आणि तिनंच सांगितलं म्हणून कळलं. नाहीतर ते आभाळात गेलं असतं."

साहेब म्हणाले, "बरं. नवीन पातं तिच्याकडूनच करून घ्या."

वृषाली मान खाली घालून उभी होती. "अप्पा, तुम्ही का नाही रागावलात?"

"चार दिवस भट्टीपाशी होतीस, तेव्हा रागावलो असतो तर तू सोसलं असतंस. आता निवली आहेस," अप्पा म्हणाले आणि गोधडीची घडी उलगडू लागले.

तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी आले. तिने गोधडीचे दुसरे टोक धरले. दोघांनी मिळून ती टेबलावर अंथरली आणि उरलेली पाती एकेक करून तिच्यावर ठेवली.

दिवसभराची धग सोसून कोणी घरी आले, की पहिला शब्द बोलण्याआधी ती गोधडी आठवावी.