कमळबेटापर्यंत

हिरव्यागार डोंगरांच्या कुशीत एक तळं होतं. तळ्याकाठच्या झोपडीत केशर नावाची मुलगी आईसोबत राहायची. आई लव्हाळ्याच्या सुरेख चटया विणायची. पण एका तापात तिची बोटं आखडली, ती काही केल्या उघडेनात. तेव्हापासून आठ वर्षांची केशरच चटया विणू लागली. तिची इवली इवली बोटं सोलून निघायची. आधी आईला घास भरवायचा आणि मग उरलेली भाकरी आपण खायची, असा तिचा शिरस्ता. कधी कधी भाकरी उरायचीच नाही.

एका सकाळी लव्हाळा कापताना कण्हेरीच्या झुडपात तिला काहीतरी लुकलुकताना दिसलं. कोळ्याच्या जाळ्यात अंगठ्याएवढी परी अडकली होती. पंख मोरपिशी, झगा चाफ्याच्या पाकळीचा. केशरच्या हातून विळाच गळून पडला. मग श्वास रोखून तिने एकेक धागा सोडवला. पंखाला साधा चरासुद्धा पडू दिला नाही.

"बाळ, तुझी एक इच्छा मी पुरी करीन," परी म्हणाली. "पण ती कमळबेटावर येऊन मागायची. होडीतून नाही, पोहत यायचं. आजपासून आठव्या दिवशी, सूर्य माथ्यावर यायच्या आत."

केशरचा चेहरा पांढराफटक पडला. बेट पार तळ्याच्या मधोमध होतं, आणि ती तर पाण्याला घाबरायची. लहान असताना एकदा ती बुडता बुडता वाचली होती.

तिने धावत जाऊन भिवराला सगळं सांगितलं. भिवरा तिची जिवलग मैत्रीण. तिचे बाबा तळ्यात मासे धरायचे, आणि ती स्वतः मासोळीसारखी पोहायची.

"आज नुसतं गुडघ्यापर्यंत ये," भिवरा म्हणाली. "मी हात सोडणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून भिवरा तिच्या पाठीला तरंगायला सुका भोपळा बांधू लागली. केशर रडली, नाकातोंडात पाणी गेलं, हातपाय भरून आले. "मला नाही जमणार," ती म्हणाली.

"काल तीन हात गेली होतीस, आज पाच गेलीस. मी मोजलेत," भिवरा म्हणाली.

रोज अंतर वाढत गेलं, आणि आठव्या दिवशी दोघी निघाल्या. पाणी चांदीसारखं चमचम करत होतं. अर्ध्या वाटेवर केशरला समोर एक भोपळा तरंगताना दिसला.

"भिवरा, माझा भोपळा सुटला."

"मघाशीच सुटला. तू पोहतेच आहेस की."

खरंच की! केशर थक्क झाली. हे हात आपले, हे पाय आपलेच? ती झपाझप पुढे निघाली.

तेवढ्यात मागून भिवराचा बारीक आवाज आला. "माझ्या पायात गोळा आलाय. तू जा. सूर्य बघ कुठे आलाय."

केशरने सूर्याकडे बघितलंच नाही. तिने भोपळा ओढत मागे नेला, भिवराला त्याला धरायला लावलं आणि तिला ढकलत ढकलत बेटावर आणलं.

सूर्य माथ्यावरून कलला होता. निळ्या कमळावर परी बसली होती. "उशीर झाला, बाळ," ती हळूच म्हणाली. "आता तुला काही मागता येणार नाही."

केशरच्या डोळ्यांत पाणी आलं. "हो, परीताई," ती म्हणाली. "इथे बसून भिवराचा पाय तेवढा चोळू का?"

आता थक्क व्हायची पाळी परीची होती. शेकडो वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

"मागणाऱ्याला नियम असतात," ती म्हणाली. "देणाऱ्याला कुठे असतात?"

तिने पाण्याला बोट लावलं. गुलाबी, सोनेरी, जांभळ्या लाटा झुळझुळत काठाकडे निघाल्या. दूर झोपडीच्या दारात आई उभी राहिली, आणि लाटांच्या उजेडात ती अगदी जवळ असल्यासारखी दिसली. तिने दोन्ही हात उंच केले. दहाही बोटं फुलासारखी उघडली होती, आणि ती त्यांच्याकडे डोळे विस्फारून बघत होती.

केशर वळली, तर कमळावर नुसता लख्ख उजेड होता. बघता बघता तोही विरून गेला.

"पाय बरा झाला माझा," भिवरा म्हणाली.

मग तळ्यात आधी उडी कुणी मारली, हे दोघींनाही पुढे कधी आठवलं नाही.